शेवटचा शिंपला

फोटो तळहाताएवढा आहे. कडा नागमोडी कातरलेल्या, काळ्या कागदाच्या अल्बममध्ये चार कोपऱ्यांत खोचलेला. साल १९६६. वसईतल्या एका घराच्या अंगणात मांडव, मांडवात टेबल, टेबलावर तीन मजली पांढरा केक. नवरा-नवरी केकच्या मागे उभे आहेत आणि नवरीचा डावा खांदा वरच्या मजल्याआड गेलाय. फोटो काढणाऱ्याला माणसांपेक्षा केक महत्त्वाचा वाटला असावा. त्याचे मी मनोमन आभार मानले, कारण पुढचे अडीच महिने मी त्या फोटोवरच जगले.

तो घेऊन आली होती फोटोतल्या नवरीची, म्हणजे आताच्या आजींची, नात. मे महिन्यात तिचं लग्न, पापडीच्या चर्चमध्ये. "ताई, असाच करायचा. आजीसाठी. तसाच्या तसा." मी हो म्हणाले. मग ती गेल्यावर फोटो खिडकीपाशी नेला, भिंग लावलं, आणि आपण कशाला हो म्हटलंय ते मला दिसू लागलं.

गेली अकरा वर्षं मी घरून केक करते. ऑर्डरी बहुतेक क्रीमच्या, नाहीतर फॉन्डंटच्या, म्हणजे लाटून चढवायच्या मऊ साखरेच्या. रॉयल आयसिंग, म्हणजे अंड्याचा पांढरा बलक आणि आयसिंग शुगर घोटून केलेलं, वाळल्यावर खडीसाखरेसारखं कडक होणारं, ते आता कोणाला नको असतं. दाताला लागतं म्हणतात. मी ते शिकले होते, नाताळच्या लहान केकांवर दोन-चार ओळी काढत होते, एवढंच. इंटरनेटवर सध्या 'विंटेज' म्हणून जे केक फिरतात, जाड क्रीमचे शिंपले आणि वर लाल चेरी, ते दिसायला गोड असतात. मीही भरपूर केलेत. पण फोटोतला केक त्या जातीचा नव्हता. त्याच्यावर रेघेवर रेघ चढवलेली होती, आणि हवेत लोंबणारी साखरेची तोरणं होती. क्रीमला ते जमत नाही. क्रीम मऊच राहतं, म्हणून ते रेघेवर रेघ फारशी पेलत नाही आणि अधांतरी तर मुळीच राहत नाही.

पहिले आठ दिवस मी आयसिंगला हात लावला नाही. नुसतं मोजत बसले. खालच्या मजल्यावर समोरून सहा कमानी दिसत होत्या, दोन्ही कडेच्या आक्रसलेल्या. मधल्यावर पाच. वरच्यावर चार. म्हणजे पूर्ण फेरीला बारा, दहा आणि आठ. हे आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि एकदम उलगडलं: केकचे डबेही बारा, दहा आणि आठ इंचांचेच असणार! जितके इंच व्यास तितक्या कमानी. घेर व्यासाच्या तिपटीहून थोडा जास्त, म्हणजे तिन्ही मजल्यांवर कमानीची रुंदी जवळजवळ सारखीच येते. वर मार्झिपॅनचा, म्हणजे बदाम-साखरेच्या लगद्याचा, आणि आयसिंगचा थर चढला की प्रत्येक मजला इंचभर फुगतो, त्यामुळे कमान साडेतीन इंचांच्या आसपास जाते. वरच्या मजल्यावर ती केसभर रुंद होते, पण डोळ्याला कळत नाही. ज्याने हे ठरवलं त्याला हिशेब पाठ होता. मी त्याला 'तो' म्हणते. बाईही असू शकेल. केक वांद्र्याच्या एका बेकरीतून आला होता एवढंच घरात माहीत आहे. बेकरी केव्हाच बंद झाली आणि करणाऱ्याचं नाव कोणालाच आठवत नाही.

कमानींच्या खुणा करायला बटर पेपरची पट्टी केकभोवती गुंडाळून कापायची आणि तिच्या घड्या घालायच्या. आठासाठी तीनदा निम्मी. बारासाठी दोनदा निम्मी, मग तीन. दहासाठी मात्र नुसत्या घड्यांनी भागत नाही, निम्मी केल्यावर पाच भाग पट्टीने मोजावे लागतात. मधल्या मजल्याने मला पुढेही छळलं. त्यालाही छळलं असेल असं तेव्हा नुसतं वाटलं होतं, पुरावा नंतर मिळाला.

हे मजले आले कुठून, हेही मी त्याच आठवड्यात वाचून काढलं, कारण आकार का आहे ते कळलं नाही तर माझा हात चालत नाही. राणी व्हिक्टोरियाच्या लग्नात, १० फेब्रुवारी १८४० रोजी, जो केक होता तो सुमारे ३०० पौंडांचा, तीन यार्ड घेराचा, पण एकाच थराचा. वर उंची होती ती साखरेच्या मूर्तींची. १८५८ मध्ये तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नात केकला मजले आले, पण खाण्याजोगा केक फक्त तळाचा. वरचे मजले नुसत्या साखरेचे. सगळेच्या सगळे मजले खऱ्या केकचे झाले ते १८८२ मध्ये, धाकटा मुलगा लिओपोल्ड याच्या लग्नात. मधे इतकी वर्षं का लागली ते एकदा फळांचा केक हातात धरला की कळतं. तो विटेसारखा जड असतो. त्याच्यावर दुसरा ठेवायचा तर खालच्याचा आयसिंगचा थर घट्ट वाळून कवचासारखा झाला पाहिजे. म्हणजे हल्ली ज्या कडकपणाला नावं ठेवतात त्या कडकपणावरच हे मजले उभे राहिले.

त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या ऑगस्टपासून, ब्रिटनमध्ये केकवर साखरेचं आयसिंग करायला बंदी होती. मग लग्नांत काय करायचे? पुठ्ठ्याचे नाहीतर प्लास्टरचे पांढरे मजले भाड्याने आणायचे, आणि त्यांच्या आत असेल तो लहानसा साधा केक झाकून ठेवायचा. फोटो झाला की झाकण परत. १९४७ च्या नोव्हेंबरात राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं तेव्हाही रेशनिंग होतंच. तिच्या चार मजली, नऊ फूट उंच केकचं सामान ऑस्ट्रेलियासारख्या दूरच्या देशांतून भेट म्हणून आलं होतं. साखर नव्हती, पण साखरेची नक्षी लोकांना हवी होती. हे मी आजींना सांगितलं तेव्हा त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. "आमच्या वेळी पण रेशनचीच साखर," त्या म्हणाल्या. "घरोघरची थोडी थोडी जमवून बाबांनी पिशवी वांद्र्याला पोचवली. मग त्यांनी केक केला." आजी घरात सामवेदी, ही वसईकडची बोली, बोलतात, माझ्याशी मराठी. त्या पिशवीबद्दल बोलताना त्यांनी दोन्ही हातांनी तिचं वजन दाखवलं.

केक वसईला कसा आला, हे विचारायचं मला सुचायला हवं होतं. ते त्यांनी आपणहून सांगितलं. तीन खोक्यांत, विरार लोकलने, दुपारच्या रिकाम्या गाडीत. एक मामा, दोन चुलत भाऊ, प्रत्येकाच्या मांडीवर एक खोकं. स्टेशनावरून घोडागाडी. आणि मांडवात तो रचला घरच्यांनीच, चार-चार खांब मधे ठेवून. मी हे वहीत लिहून घेतलं. उपयोग काय होणार होता ते तेव्हा माहीत नव्हतं.

आता आयसिंग. साखर बारीक चाळायची. बाजारच्या आयसिंग शुगरमध्ये कॉर्नफ्लोअर असतं आणि एखादी गुठळी राहिली की एक नंबरच्या नोझलचं, म्हणजे आयसिंग पाडायच्या बारीक टोपणाचं, तोंड बंद होतं, तेही नेमकं तोरण अर्ध्यावर असताना. म्हणून मी चाळणीनंतर मलमलच्या फडक्यातूनही काढली. अंड्याच्या पांढऱ्या बलकाची पूड वापरली, तीन-चार थेंब लिंबाचा रस घातला. लिंबाने धाग्याला ताण येतो. भांड्याला तेलातुपाचा ओशट हात जरी लागला तरी आयसिंग बसतं. वरून ओलं फडकं सतत झाकून ठेवायचं, नाहीतर पाच मिनिटांत पापुद्रा धरतो. आणि शुभ्रपणासाठी निळ्या रंगाचा सुईच्या टोकावर मावेल एवढा ठिपका. आमची आजी धोतरांना नीळ द्यायची, ते मला त्या वाडग्यात पाहताना दर वेळी आठवायचं. पिवळट पांढऱ्याला निळा पुसतो.

पहिली घाई मिक्सरने केली, म्हणजे मीच केली. जोरात फेटल्याने आयसिंग फुललं, दिसायला सुरेख झालं, आणि त्यात लाखो बुडबुडे भरले. तोरणाचा धागा काढायला गेले की बुडबुडा येईल तिथे तुटायचा. एका संध्याकाळी थर्माकोलच्या डमीवर मी चाळीस धागे सोडले, त्यातले सहा टिकले. नंतर हातानेच घोटू लागले, हळू, आणि रात्रभर झाकून ठेवून सकाळी कालथ्याने भांड्याच्या कडेवर दाबून दाबून हवा काढायची. मग धागा आला. साखरेचा, पण सुतासारखा.

हा धागा केकवर काढत नाहीत, सोडतात. नोझलचं टोक टाचणीच्या खुणेला टेकवायचं, दाब द्यायचा, आणि हात लगेच मागे घ्यायचा. धागा हवेत लोंबतो. हव्या त्या लांबीचा झाला की पुढच्या खुणेला टेकवून दाब थांबवायचा. कमानीचा आकार आपण काढत नाही, वजन काढतं. मेंदीवाल्या मुली कोन उचलून रेघ अलगद खाली निजवतात, तसंच आहे हे. फक्त इथे खाली काही नाही. बघायचं नोझलकडे नाही, पुढच्या खुणेकडे. आणि श्वास रोखायचा नाही. रोखला की हात थरथरतो. मी चकल्या पाडत वाढलेली, सोऱ्याला सगळा खांदा लावायची सवय. तो खांदा विसरायला मला तीन आठवडे लागले.

वसईची हवा या कामाच्या विरुद्ध आहे. समुद्र जवळ, मे महिना तोंडावर, भिंतीसुद्धा ओल्या वाटतात. साखर हवेतलं पाणी ओढून घेते. वरच्या मजल्याच्या कडेला जाळीचे आठ लहान पंखे होते. ते आधी बटर पेपरवर पाडून, वाळवून, मग उचलून चिकटवायचे असतात. मी पहिले बारा पाडले आणि रात्री स्वयंपाकघराच्या कपाटात ठेवले. सकाळी बोट लावलं तर ते चिकटले होते, वाकत होते. त्यानंतर एक खोली रिकामी केली, एसी दिवसरात्र चालू, दार बंद. घरच्यांनी पंधरा दिवस बाहेरच्या खोलीत गाद्या टाकल्या. मोडतील म्हणून पंखे चोवीस केले. आठ लागणार होते, अकरा उरले.

पण मला जे खरं सांगायचंय ते क्रमाबद्दल आहे. फोटो शेवट दाखवतो. आधी काय आणि नंतर काय, हे तो सांगत नाही. खालच्या मजल्याच्या कडेवर इंग्रजी सी अक्षरासारखी वेलांटी फिरलेली होती आणि तिची सावली, मांडवाच्या डाव्या बाजूने आलेल्या उन्हात, खोल पडली होती. एका रेघेची सावली एवढी पडत नाही. ती थरांची होती. या पद्धतीला अमेरिकेत लँबेथ यांचं नाव आहे, जोसेफ लँबेथ, ज्यांनी १९३० च्या दशकात ती तिथे लोकप्रिय केली. मूळ काम इंग्रजी. आधी चांदणीच्या तोंडाच्या जाड नोझलने वेलांटी, तिच्या पाठीवर तीन नंबरची रेघ, तिच्यावर दोनची, तिच्यावर एकची. प्रत्येक थर वाळल्याशिवाय पुढचा नाही. मी एकदा घाई केली, दोनची रेघ तासाभरात चढवली, आणि सगळी वेलांटी केकच्या अंगावरून गोगलगायीसारखी घसरत खाली आली. त्या दिवशी मी रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला परत तीन नंबर लावला.

तोरणांत लांब धागा आधी की आखूड? भिंगातून पाहिलं. जिथे दोन्ही धागे खुणेवर येऊन मिळत होते तिथे आखूड धाग्याचं टोक लांब धाग्याच्या टोकावर बसलेलं होतं. म्हणजे लांब आधी. एवढं कळायला मला दोन संध्याकाळी लागल्या आणि कळलं तेव्हा इतका आनंद झाला की मी उठून चहा केला आणि तो न पिता परत भिंगापाशी आले. अठ्ठावन्न-साठ वर्षांपूर्वी कोणीतरी एका दुपारी जो क्रम धरला, तो माझ्या हाताला मिळाला होता.

पुण्यात प्राची धबल देब यांनी रॉयल आयसिंगमध्ये केलेलं काम पाहिलं असेल त्यांना मी काय म्हणते ते कळेल. त्या इंग्लंडला केक सजवणारे एडी स्पेन्स यांच्याकडे शिकल्या आणि बिनअंड्याच्या आयसिंगमध्ये त्यांनी देवळांवरच्या कोरीवकामाएवढी बारीक नक्षी उभी केली. तिथे शिकवणारा हात समोर असतो. माझ्यापुढे हात नव्हता, हाताने सोडलेल्या खुणा होत्या.

त्यातली शेवटची खूण मला सगळ्यात उशिरा दिसली. मजल्यांच्या तळाशी शिंपल्यांची किनार असते. नोझल टेकवून दाबायचं, डोकं फुगलं की हलकेच शेपूट ओढायची, आणि पुढच्या शिंपल्याच्या डोक्याने ती शेपूट झाकायची. असं करत फेरी पुरी होते. जिथे शेवटचा शिंपला पहिल्याला येऊन भेटतो तिथे जागा कधीच बरोबर उरत नाही. थोडी कमी असते, नाहीतर जास्त. तिथे एक अंग चोरलेला, अरुंद शिंपला बसतो. म्हणून करणारा फेरी नेहमी मागच्या बाजूने सुरू करतो. सांधा मागे, तोंड पुढे.

फोटोत मधल्या मजल्यावर, मध्यापासून जरा डावीकडे, एक शिंपला बाकीच्यांच्या निम्मा होता.

मी भिंग खाली ठेवलं. पुन्हा उचललं. शेजारचे सगळे एका मापाचे, हा एकटा बारीक, आणि त्याची शेपूट शेजारच्या डोक्याखाली न जाता त्याला नुसती टेकलेली. तो सांधाच होता. मांडवातल्या घरच्या मंडळींनी खोकं उघडलं, मजला उचलून खांबांवर ठेवला, आणि त्याची पाठ फोटोकडे आली. दहाच्या हिशेबाचा तोच मजला. गाडीतून मांडीवर आलेला. ज्याने तो केला तो तिथे नव्हताच. असता तर त्याने दोन बोटांनी फिरवून नीट केला असता. त्याने पुढची म्हणून जी बाजू राखली होती ती त्या दिवशी भिंतीकडे होती, आणि तिचा फोटो कुठेच नाही.

मी नातीला फोन केला. फोटोसारखाच हवा की त्याने केला तसा? ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "तुम्ही ठरवा, ताई." मला तीन दिवस ठरेना. तसाच्या तसा म्हणजे फोटोशी इमान. घरच्यांनी साठ वर्षं जो केक आठवला तो सांधा पुढे असलेला. ती चूक आता त्यांच्या लग्नाचीच झालेली. आणि तरी मला ते जमलं नाही. हात त्याचा उचलला होता, क्रम त्याचा, हिशेब त्याचा. त्याने लपवायला मागे ठेवलेली गोष्ट मी पुढे कशी मांडू? मी फेरी मागून सुरू केली. माझाही शेवटचा शिंपला अरुंद आला. तो मी तसाच ठेवला, मागे.

लग्नाच्या दिवशी केक तीन खोक्यांत गेला, गाडीच्या मागच्या सीटवर, एसी पूर्ण सोडून, ताशी वीसच्या वेगाने. हॉलमध्ये मी स्वतः रचला. दोन धागे प्रवासात तुटले होते, ते तिथेच उभ्याने सोडले. आजींना खुर्ची आणून टेबलापाशी बसवलं. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांनी फोटो मागितला नाही की ताडून पाहिलं नाही. बोटाने हवेतच कमानी मोजल्या, खालच्या सहा, आणि मान हलवली.

कापताना सुरी आयसिंगवर अडली. नवऱ्यामुलाने जोर दिला तेव्हा कवच तडकल्याचा आवाज झाला आणि एका कमानीची दोन्ही तोरणं टेबलक्लॉथवर गळून पडली. लहान पोरांनी ती टिपली. मी एक तुकडा उचलून आजींच्या हातात दिला. त्यांनी तो गालात ठेवला, चावला नाही. सगळे जेवायला उठेपर्यंत तो त्यांच्या तोंडात होता.

"तेव्हाही असंच कडक होतं," त्या म्हणाल्या, आणि अजून एक मागितला.